एकवीस, वीस एक आणि चतकोर

२०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक आलं आणि महाराष्ट्रभर वाद पेटला. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन त्यात दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: लिहिताना दोन आधी, बोलताना एक आधी, मूल इथं अडखळतं. 'एकोणतीस' तर आणखी अवघड. कानावर तीस पडतं आणि लिहायचे असतात दोन नि नऊ. विरोधकांनी भाषा बुडाल्याची हाकाटी केली. जुनी नावं पुस्तकात होतीच, हे फारसं कुणी पाहिलं नाही.

आमचा कौल नारळीकरांना आहे. तक्रार आहे ती त्या वादाविषयी. तो सगळा नावांचाच झाला. संख्येला काय म्हणायचं यावर आपण भांडलो. मुलाशी संख्येविषयी बोलायचं काय, हा प्रश्न राहूनच गेला.

आकारांचंही तेच. तक्त्यावर बोट ठेवून 'हे काय?' विचारायचं, 'त्रिकोण' म्हटलं की शाबासकी. हा त्रिकोण बहुधा बुडावर बसलेला. तोच टोकावर उभा केला की बरीच मुलं म्हणतात, हा नाही त्रिकोण. नाव पाठ असतं; तीन सरळ बाजू मोजून पाहायच्या, हे कुणी सांगितलेलं नसतं.

इथं पिंपळगाव राजाला हे बोलणं चुलीपाशीच होऊ शकतं. आजी विचारते, "तुले अर्धी देऊ का चतकोर?" चतकोर म्हणजे चौथा भाग, अपूर्णांक त्या शब्दातच आहे. आता पोळीची दोनदा घडी घाला अन् विचारा, हा त्रिकोण आहे का? कोपरे तीन आहेत, पण एक कड गोल आहे. मूल 'हो' म्हणेल, कडेवरून बोट फिरवेल, मग थांबेल. व्याख्येची गरज त्याला तिथं पहिल्यांदा भासते.

प्लेटोच्या 'मेनो' संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस विचारतो. मुलगा बाजू दुप्पट करतो, चौरस चौपट होतो. सॉक्रेटिसचे प्रश्न उत्तर सुचवणारे आहेत, ही टीका रास्त आहे. तरी आपलं चुकलं हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, ते महत्त्वाचं.

तेव्हा पोळीच्या घडीला मुलानं त्रिकोण म्हटलं, तर लगेच 'चूक' म्हणू नका. 'कसं काय?' एवढंच विचारा, आणि त्याला बोलू द्या.