मसणातला देव आणि त्याचा भक्त

मराठी कथेत मसणजोगी आला की रात्र काळी होते, घंटा वाजते आणि लेखणी गूढात शिरते. मसणातला देव आणि त्याचा भक्त, दोघेही अद्‌भुत ठरतात. पण नांदेड-लातूरकडे वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्या या माणसाला अद्‌भुताशी काय देणेघेणे? शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत मसणजोगी या नावाशेजारीच 'सुडगाडसिद्ध' हे नाव आहे. कानडीत सुडुगाडु म्हणजे स्मशान. ज्याला जिवंतांत जागा दिली नाही, त्याला गावाने मेलेल्यांचा वाटेकरी केले आणि वर 'सिद्ध' म्हणून त्यालाच भ्याले. भीती गावाची, भूक मात्र जोग्याची.

अण्णा भाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' या कथेत हे धुके फाडले. खाण बंद पडते आणि भीमा मसणातली राख चाळू लागतो; शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात. तिथे भूत नाही, बेकारी आहे. भीमा मसणजोगी नव्हे. पण मसणाकडे कसे पाहावे, हे तो शिकवतो.

मसणजोग्यावर लिहिणाऱ्याने देवाचे रूप रंगवण्याआधी भक्ताची झोळी पाहावी. ती रिकामी असेल, तर गूढ कसले लिहिता?