हिंवाळी पाहुण्यांचीं चित्रें

गेल्या पौषांत एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही पुण्यांतील एका छायाचित्रप्रदर्शनास गेलों होतों. विषय होता हिंवाळ्यांत आपल्याकडे येणारे पक्षी. दालन प्रशस्त, प्रकाशाची योजना उत्तम, आणि चित्रें शंभराच्या आसपास. पहिलीं दहा-पंधरा चित्रें पाहून आम्ही थक्क झालों, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. पंखांतील एकेक पीस मोजून घ्यावें, बुबुळांत उगवत्या सूर्याचा कण दिसावा, चोचीवरून ओघळणारा थेंब हवेंत जेथल्या तेथें थबकावा, अशीं तीं होतीं. पन्नासाव्या चित्रापर्यंत मात्र आमचा उत्साह मंदावला, आणि शेवटच्या भिंतीपाशीं पोंचेपर्यंत एक प्रकारचा शीण वाटूं लागला. उत्तम वस्तूंचाही असा कंटाळा कां यावा, याचा शोध घेतां घेतां प्रस्तुत लेख लिहून झाला.

घरीं आल्यावर आम्ही तीं चित्रें एकामागून एक आठवून पाहिलीं. उडणारे पक्षी, उडूं पाहणारे पक्षी, उडतां उडतां एकमेकांशीं भांडणारे पक्षी, आणि मधून मधून मासा पायांत धरून पाण्यांतून उठणारा एखादा शिकारी पक्षी, एवढाच तो संसार होता. विसावलेला पक्षी शंभरांत एकाच चित्रांत. त्याविषयीं पुढें लिहूं. परंतु जानेवारीतील एखाद्या सकाळीं ज्यानें पाणथळीच्या कांठीं तीन-चार तास काढले असतील, त्याला ठाऊक असतें कीं या मंडळींचा दिवस अगदीं निराळ्या रीतीनें जातो. रोहित पक्षी उथळ पाण्यांत उभा राहून, मान वांकवून, डोकें उलटें करून पाण्यांतील सूक्ष्म अन्न चोचीनें गाळीत तासचे तास चरत असतो. बदकें पाठीवरच्या पिसांत चोच खुपसून पाण्यावरच झोंप काढतात. तुतवार चिखलांतून चार पावलें धांवतो, चोच बुडवितो, पुन्हां चार पावलें धांवतो. दुसरें कांहींच करीत नाहीं. करावयाचें तरी काय? घरटें, पिलें, जोडीदारासाठीं झगडणें, हें सारें त्यांचें दूर उत्तरेकडे उरकलेलें असतें. ज्याच्या पांढऱ्या मस्तकावर दोन काळे पट्टे असतात, तो पट्टकदंब हंस तिबेट-मंगोलियाकडील सरोवरांवर वीण आटोपून हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. त्याच्या अंगावर लहानशीं यंत्रें बसवून माग काढला, तेव्हां सात हजार मीटरांहून अधिक उंचीवरून तो उडाल्याची नोंद मिळाली आहे. वसंताच्या सुमारास त्याला हाच प्रवास उलट दिशेनें करावयाचा असतो. आपल्या शेतांत आणि पाण्यांत तो जें खातो, ती त्याची परतीची शिदोरी होय. जेवण आणि विश्रांति म्हणजेच या पाहुण्यांचा हिंवाळा. तीं दोन्ही ज्या चित्रमालिकेंत नाहींत, तींत हिंवाळा दिसला असें आम्हांस म्हणवत नाहीं.

या दोषाचें एक कारण या कलेच्या पूर्वेतिहासांत सांपडतें. रिचर्ड आणि चेरी केर्टन या इंग्रज बंधूंनीं १८९२ सालीं रानांतील एका घरट्याचें, आंतील अंड्यांसह, छायाचित्र घेतलें, आणि पुढें तोच मार्ग चालविला. त्या काळच्या कांचांवर चित्र उमटावयास वेळ लागे, भिंगेंही दूरचें टिपण्यास असमर्थ असत. पक्षी जवळ येईल आणि क्षणभर स्थिर राहील असा भरंवसा एकाच ठिकाणीं होता, तो म्हणजे त्याच्या घरट्यापाशीं. पिलांच्या ओढीनें आई परत येणारच. केर्टन बंधूंनीं तर बैलाचें कातडें पेंढा न भरतां पोकळ उभें केलें, आणि त्याच्या पोटांत शिरून चित्रें घेतलीं. वाचून हसूं येतें खरें. पण पाखराला आपली चाहूल लागूं नये म्हणून माणूस बैल व्हावयास तयार झाला होता, ही गोष्ट आम्हांस आदरणीय वाटते.

हिंवाळी पाखराला येथें घरटें नाहीं, म्हणजे परत येण्याचें ठरलेलें स्थानही नाहीं. त्याचें चित्र घ्यावयाचे मार्ग दोनच. एक, दबून बसून वाट पाहणें. दुसरा, लांब पल्ल्याचें भिंग आणि वेगवान कळ. दुसरा आतां इतका सुलभ झाला आहे कीं पहिल्याची आठवण फारशी कोणास होत नाहीं. एतियेन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें १८८२ सालीं बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. दस्ता खांद्यास लावून उडत्या पक्ष्यावर नेम धरावयाचा, घोडा ओढावयाचा, कीं एका सेकंदांत बारा चित्रें उमटत. पंख कसे हलतात हें मारेला जाणून घ्यावयाचें होतें, आणि तें त्यानें जाणून घेतलें. आज हौशी माणसाच्या हातांतील कॅमेरा सेकंदास वीस-वीस, तीस-तीस चित्रें घेतो. जाणून घ्यावयाचें काय, हें मात्र बहुधा ठरलेलें नसतें. बंदुकीचें वळण भाषेंतही राहून गेलें आहे. मंडळी 'शूट'ला जातात, आणि परत आल्यावर अमुक पक्षी 'मिळाला', तमुक 'हुकला' असें सांगतात. भरतपूरच्या केवलादेव पाणथळींत १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठीं झालेल्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी पडले. असले आंकडे तेथें दगडावर कोरून ठेवलेले आहेत. आज त्याच वाटांवरून लोक दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन फिरतात. हा पालट लहान नव्हे, आणि त्याबद्दल कोणासही आनंदच वाटेल. मात्र दिवसाअखेर 'किती झाले' हें मोजण्याची संवय बंदुकीबरोबर गेली नाहीं.

येथें आमचाच एक अपराध सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यांत, भिगवणजवळच्या कुंभारगांवीं, हिंवाळ्यांत रोहित पक्षी उतरतात, आणि तेथील मच्छीमार आपल्या होड्यांतून ते लोकांस दाखवितात. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीही कॅमेरा घेऊन गेलों. धुकें विरत होतें, पाणी शिशासारखें होतें, आणि शंभर-दीडशें पक्षी माना खालीं घालून चरत होते. वयस्क नावाड्यानें होडी बऱ्याच अंतरावर थांबविली आणि म्हणाला, "बसा आता निवांत. हितनं चांगलं दिसतंय." आम्हांस तें पुरेना. माना खालीं घातलेल्या पाखरांचें चित्र तें काय! "काका, जरा पुढं घ्या," असें आम्ही दोनदां म्हटलें. तिसऱ्या खेपेस शंभराची नोट पुढें केली. नोट त्यानें घेतली नाहीं, पण होडी पुढें घेतली. आधीं माना वर झाल्या. मग अवघा थवा एका बाजूस चालूं लागला, आणि मग पाण्यावरून धांवत सुटला. हा पक्षी चार पावलें धांवल्यावांचून पाण्यावरून उठूं शकत नाहीं. पंखांतला तांबडा आणि काळा रंग एकदम उघडला. आमची कळ अखंड चालू होती. थवा दूर पलीकडच्या कांठीं जाऊन उतरला, तेव्हां नावाडी इतकेंच म्हणाला, "झालं? आत्ता कुठं खायाला लागली हुती." तें चित्र मोठें करून आम्हीं दिवाणखान्यांत लाविलें आहे. येणारा प्रत्येकजण त्याची स्तुति करतो.

ही हकीकत स्नेह्यांस सांगितली, तेव्हां ते म्हणाले, "चित्र पाहावें. तें कसें मिळविलें याची चौकशी फौजदारानें करावी, रसिकानें नव्हे." आक्षेप वजनदार आहे. कवीनें विरहावर काव्य लिहिलें, तर त्याची पत्नी खरोखर माहेरीं गेली होती कीं काय, हें आपण विचारीत नाहीं. जहांगीर बादशहाच्या पदरीं असलेल्या उस्ताद मन्सूरनें सायबेरियाच्या शुभ्र क्रौंचाचें चित्र काढलें. समोरचा पक्षी पिंजऱ्यांतला होता कीं पाणथळींतला, यावर त्या चित्राची थोरवी अवलंबून नाहीं. पण छायाचित्राचा पाहणाऱ्याशीं झालेला करार निराळा आहे. 'हें असें घडलें' असें तें शपथेवर सांगत असतें, आणि त्याच बळावर आपण त्याला मान देतों. चित्रकाराचें पाखरूं कुंचल्याच्या इच्छेनें उडतें. छायाचित्रांतलें पाखरूं कशामुळें तरी उडालेलें असतें. तें 'कशामुळें' आमच्या होडीसारखें चौकटीबाहेर ठेवून दिलें, कीं पाहणाऱ्याच्या मनांत त्या पाखराविषयीं जें उमटतें तें खोटें असतें. तेव्हां चौकशी फौजदाराची असली, तरी तिचा निकाल रसिकासच भोगावा लागतो.

दिल्लीस यमुनेच्या घाटावर हिंवाळ्यांत कुरव पक्ष्यांचे थवे असतात. धुकें, त्यांतून येणारी नाव, कोंवळें ऊन आणि नावेभोंवतीं शेंकडों पांढरे पंख, हें चित्र वाचकांनीं कोठें ना कोठें पाहिलेलें असेलच. मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या लाँचीमागेंही तेंच दृश्य दिसतें. चित्रें नेत्रसुखद असतात यांत शंका नाहीं. मात्र त्या पाखरांचें प्रेम नावेवर नसून शेव-गांठियांवर असतें, आणि मासे-किड्यांवर जगणाऱ्या जीवास तळलेलें पीठ काय मानवणार! छायाचित्रकार मोठ्या कौशल्यानें चौकट अशी कांपतो कीं पुडी धरलेला हात तींत येऊं नये. तो हात येऊं दिला असता तर तेंच चित्र आमच्या दृष्टीनें दुप्पट मोलाचें झालें असतें. त्यांत पाखरूं आलें असतें, आणि आपणही आलों असतों.

प्रदर्शनांत भोरडीचीं दोन चित्रें होतीं, तीं शेजारीं शेजारीं मांडून पाहण्यासारखीं आहेत. पुणें-सोलापूरकडच्या माणसास भोरडीची ओळख करून द्यावयास नको. ज्वारी दाण्यावर आली कीं काळ्या डोक्याचे आणि गुलाबी अंगाचे हे पाहुणे थव्याथव्यांनीं हजर होतात, आणि माळ्यावर गोफण घेऊन त्यांचें स्वागत होतें. टोळ खातो म्हणून उपकारक आणि ज्वारी खातो म्हणून चोर, अशी या पक्ष्याची दुहेरी कीर्ति आहे. पहिल्या चित्रांत फांदीवरून नुकतीच सुटलेली एकटी भोरडी होती. पिसें न्‌ पिसें स्पष्ट, आणि मागची सारी सृष्टि हिरव्या धुरांत वितळलेली. मागचें सर्व पुसून टाकणें हें सध्यां उंची भिंगाचें लक्षण मानतात; पण अशानें पक्षी सोलापुरांत आहे कीं समरकंदांत, हें कळेनासें होतें. दुसऱ्या चित्रांत पक्षी ओळखूंच येत नव्हता. सायंकाळच्या राखी आकाशांत धुराच्या लोटासारखा वळलेला थवा, खालीं ज्वारीचें शेत, विजेचे दोन खांब, आणि गोफण खांद्यावर टाकून, तोंड उघडें ठेवून वर पाहणारा एक मुलगा. दिवसभर ज्यांना हांकललें त्यांच्याकडेच तो पाहत होता! आम्ही या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिलों.

मन्सूरच्या क्रौंचाची गोष्ट वर निघाली, म्हणून एक लिहून ठेवतों. त्या जातीची शेवटची जोडी भरतपूरला २००१-०२ च्या हिंवाळ्यांत आली. त्यानंतर तेथें कोणी आलें नाहीं. त्यापूर्वीं घेतलेलीं चित्रें आजही पाहावयास मिळतात. उड्डाणाचीं अर्थातच डौलदार आहेत. पण तो पक्षी आतां तेथें नाहीं हें ठाऊक असतां मन थांबतें तें चोच चिखलांत घालून कंद उकरणाऱ्या क्रौंचापाशीं. इतक्या लांबून तो कशासाठीं येत होता, तें त्याच चित्रांत कळतें.

आतां तें शंभरांतलें एक. तें दाराजवळ, पंख्याच्या बटणांशेजारीं लाविलेलें होतें, आणि त्याच्यापुढें कोणी उभें नव्हतें. धरणाचें पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनींत पट्टकदंबांचा थवा बसलेला आहे. प्रकाश दुपारचा, म्हणजे निरस. एका कोपऱ्यांत पाणी उपसण्याचें इंजिन आणि गुंडाळलेला पाइप. रचनेच्या दृष्टीनें चित्र डावीकडे फार जड झालें आहे, आणि छपाईही थोडी काळवंडलेली वाटली. चाळीसएक पक्षी माना पिसांत खुपसून निजले आहेत. एकच उभा आहे, मान सरळ वर करून, आणि त्याचा डोळा भिंगाच्या रोखानें आहे. चित्र घेणारे तरुण गृहस्थ जवळच होते. पहांटे अंधारांत उंसांत जाऊन बसलों, असें ते म्हणाले, आणि थवा पाण्याकडे निघून गेला तेव्हां दुपार टळली होती. मध्यें उठलों असतों तर त्यांनाही उठावें लागलें असतें. त्या उभ्या पक्ष्यानें आपणांस पाहिलें होतें कीं काय, असें आम्हीं विचारलें.

"पाहिलं होतं ना," ते म्हणाले. "हें तेव्हांचंच चित्र. मग थोड्या वेळानं त्यानंही मान खालीं घातली."