‘स्मृतिचित्रे’तील नित्याची श्रद्धा

मराठी ख्रिस्ती गद्याचा विचार निघाला म्हणजे सामान्यतः दोन प्रकारच्या लेखनाकडे बोट दाखविले जाते. एक, बायबलची भाषांतरे. दुसरे, मंडळीच्या पाळकांचे उपदेशपर लेखन, ज्याला १८४२ साली निघालेल्या ‘ज्ञानोदया’ने दीर्घकाळ आश्रय दिला. या दोहोंचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. परंतु रविवारची उपासना आटोपून घरी परतलेला श्रद्धावान मनुष्य सोमवारी सकाळी काय करतो, दारी आलेल्या परक्या पोराला कोणत्या ताटात वाढतो, याचा ठाव त्या लेखनातून क्वचितच लागतो. तो लागतो १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त, आणि नेमक्या याच दृष्टीने ते पुस्तक वाचण्याकडे मराठी टीकेचा कल राहिलेला नाही.

लक्ष्मीबाईंचा विनोद, त्यांचा निर्व्याज प्रांजळपणा, नारायण वामन टिळकांचे त्यांनी रेखाटलेले लहरी पण उत्तुंग चित्र, यांची वाखाणणी पुष्कळ झाली व ती योग्यच झाली. मात्र त्या वाखाणणीत धर्म हा कथानकाला कलाटणी देणाऱ्या घटनेपुरताच उरला. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पतिपत्नींची ताटातूट झाली, पुढे पुनर्मीलन होऊन १९०० मध्ये लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या: एवढे सांगितले की टीकाकार पुन्हा विनोदाकडे वळतो. जणू श्रद्धा ही या बाईंच्या चरित्राची हकीकत आहे, त्यांच्या गद्याचा विषय नव्हे.

वस्तुतः पुस्तकाची घडण निराळेच सांगते. त्याचा आरंभच सोवळ्याने होतो. सत्तावनच्या बंडानंतर आजोबांना झालेली फाशी, त्या धक्क्याने वडिलांना जडलेले विलक्षण सोवळे, विकत आणलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात न घेण्याचा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टाखाली भरडून निघालेले घरदार यांचे वर्णन लक्ष्मीबाई हसत हसत करतात. वाचकही हसतो. पण येथे जे पेरले गेले त्याचे पीक पुष्कळ पुढे येते. पतीशी पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी स्वयंपाकपाण्याचे सोवळे आरंभी सोडले नव्हते. ते सुटले ते कोणाच्या प्रवचनाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला आणि त्याच्या उत्तरासरशी यापुढे कोणाच्याही हातचे खावे-प्यावे असा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्राच्या परिभाषेत याला काय म्हणावे ते शास्त्री ठरवोत. या गद्यात मात्र श्रद्धेचा पालट पाण्याच्या भांड्यापाशी घडतो आणि मंडळीचा उंबरठा मागाहून येतो. हा क्रम लक्षात घेतला नाही तर सोवळ्याची ती सुरुवातीची पाने केवळ गमतीची वाटतात.

मराठीत ‘पाळणे’ हे एकच क्रियापद सोवळ्यालाही लागते आणि लेकरांनाही. ‘पाळक’ हा शब्दही त्यातूनच आला. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात या क्रियापदाचे कर्म बदलले असे म्हटले तर ती नुसती शब्दांची कसरत ठरू नये. दुष्काळ आणि प्लेग यांच्या त्या वर्षांत निराधार मुले टिळकांच्या घरी आली. औदार्याची ऊर्मी टिळकांची. त्यांच्या जेवणाखाण्याची, दुखण्याखुपण्याची, भांडणतंट्यांची तजवीज लक्ष्मीबाईंची. खिशातले पैसे वाटून मोकळ्या होणाऱ्या संताच्या घरी उद्याच्या पिठाची चिंता कोणी तरी करावी लागते. ही चिंता ‘स्मृतिचित्रे’त त्राग्यासह, कुरकुरीसह आली आहे आणि म्हणूनच ती विश्वसनीय आहे. उपदेशपर वाङ्मयातील परोपकार सहसा थकत नाही. लक्ष्मीबाईंचा परोपकार थकतो, चिडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून कामाला लागतो.

टिळकांना पद्यात एक सोय होती. अभंग आणि कीर्तन ही पात्रे वारकऱ्यांनी घडवून ठेवलेली होती. त्यांत ख्रिस्तभक्ती ओतताना मराठी कान बिचकला नाही. गद्याला असे तयार पात्र नव्हते. इंग्रजी उपदेशाच्या वळणावर बेतलेले वाक्य मराठी घरात अवघडूनच बसे. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंना ते वळण ठाऊकच नसल्यामुळे त्या बोलत तशा लिहीत गेल्या, आणि मंडळीला मराठी गद्य लाभले.

या पुस्तकाच्या मर्यादाही आहेत. ख्रिस्ताविषयीचा तात्त्विक विचार येथे थोडाच. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ काढला. मंडळीच्या सीमा कोठे संपतात हा त्यामागचा प्रश्न केवढा तरी मोठा आहे. त्याची चर्चा करावी असे लक्ष्मीबाईंना वाटत नाही. पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ मात्र त्यांनी पुढे स्वतः लिहून पुरे केले, ही गोष्ट त्यांना निव्वळ विनोदी लेखिका समजणाऱ्यांनी विसरू नये.

मराठीबाहेर हे पुस्तक कसे पोचले हे पाहणे उद्बोधक आहे. जोसेफिन इंक्स्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने निघाले. हे शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातले. त्यांत ख्रिस्तामागे जाणे आहे आणि पतीमागे जाणेही. २०१७ मध्ये शांता गोखले यांनी केलेल्या भाषांतराच्या उपशीर्षकात ‘बाणेदार पत्नी’ पुढे आली. पहिल्या नावाने भक्तीला झुकते माप दिले, दुसऱ्याने स्वभावाला. दोन्ही अर्थ मूळात आहेत. ते तेथे इतके एकजीव आहेत की शीर्षकाला त्यांतील एकच निवडावा लागतो. तीच अडचण ‘मंडळी’ या शब्दाची. मराठीत घरची माणसे ती मंडळी, जुन्या बोलीत पत्नी तीही मंडळी, आणि ख्रिस्ती उपासकांचा समुदाय तोही मंडळीच. इंग्रजीत या तिन्हींसाठी तीन वेगळे शब्द योजावे लागतात, आणि टिळकांच्या घरात ती तिन्ही माणसे एकाच पंगतीला बसलेली असतात.