‘अनुमती द्या’ : ॲप-स्थापनेच्या मराठीतील कर्ता

व्यवहारात नव्याने येणाऱ्या शब्दांची चर्चा मराठीत बहुधा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : शब्द परका घ्यावा, की संस्कृतावरून घडवावा? सतराव्या शतकातील राज्यव्यवहारकोशापासून १९६२ च्या पदनाम कोशापर्यंत या वादाचे स्वरूप फारसे पालटलेले नाही. मोबाइलवर ॲप उतरविणे, ते बसविणे, सांभाळणे आणि काढून टाकणे या क्रियांसाठी जी मराठी अलीकडे प्रचारात आली, तिच्याविषयीही हाच प्रश्न विचारला जातो. ‘इन्स्टॉल’ म्हणावे की ‘स्थापित’, ‘डाउनलोड’ म्हणावे की ‘अवतरण’, यावर मते मांडली जातात आणि विषय संपतो. वस्तुतः या मराठीचा दोष नामांत नसून क्रियापदांत आहे. तिच्यात बोलतो कोण आणि ऐकतो कोण, याचा निर्णय होत नाही. आणि ज्या वाक्यावर माणसाची संमती अवलंबून आहे, त्या वाक्याचा कर्ताच संदिग्ध असणे ही साधी उणीव म्हणता येणार नाही.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे पाहता येते. नीरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या पाण्यावर येथील ऊस, द्राक्षे व डाळिंबे उभी आहेत. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांमुळे नोंद, करार, हप्ता, पावती ही कागदाची भाषा येथील शेतकऱ्याच्या चांगलीच अंगवळणी पडलेली आहे. आता या कागदाची जागा मोबाइल घेऊ लागला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीने गाव नमुना बारामधील पिकाची नोंद, जी पूर्वी तलाठी करीत असे, ती शेतकऱ्याकडे सोपविली. त्याने स्वतः शेतात जावयाचे, ॲप उघडावयाचे, पिकाचे छायाचित्र काढावयाचे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग हाती घेतला, त्यातील सल्लाही शेतकऱ्यापर्यंत मोबाइलवरूनच पोहोचावयाचा आहे. तात्पर्य, येथे ॲप ही करमणुकीची बाब राहिलेली नाही. पीकविमा, नुकसानभरपाई आणि कर्ज यांच्या वाटेवर ती उभी आहे. ज्याला ॲप बसविता येत नाही, त्याला ते कोणाकडून तरी बसवून घ्यावेच लागते.

यंत्राच्या बाजूने ही क्रिया कशी घडते हे थोडक्यात पाहिले पाहिजे, कारण पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे. अँड्रॉइड मोबाइलवर चालणारे ॲप ‘एपीके’ या नावाच्या फाइलीत बांधलेले असते. ही फाइल म्हणजे एक गाठोडे. त्यात प्रत्यक्ष आज्ञावली असते, चित्रे असतात, ॲपला कोणकोणत्या परवानग्या लागतील याची यादी देणारे घोषणापत्र असते आणि ज्याने गाठोडे बांधले त्याची अंकीय सही असते. पुढे येणारी सुधारित आवृत्ती त्याच सहीची नसेल तर ती जुन्या ॲपवर चढत नाही. प्ले स्टोअरमधून ॲप घेतले की फाइल उतरणे आणि ॲप बसणे या दोन्ही क्रिया एका दाबासरशी उरकतात. परंतु हीच फाइल व्हॉट्सॲपवरून आली तर क्रिया दोन होतात. आधी फाइल मोबाइलमध्ये येते, आणि मग कोणी तरी ती उघडून बसवावी लागते. या दोहोंच्या मध्ये एक विराम आहे. फसवणूक टाळावयाची तर ती याच विरामात टाळता येते.

बोलीने या विरामाला नाव दिलेले नाही. ‘ॲप टाकणे’ हे तिचे क्रियापद दोन्ही क्रियांना सामावून घेते. फाइल आली तरी ‘टाकले’, बसली तरी ‘टाकले’. पण याच क्रियापदाच्या पोटी बोलीने जी एक सोय राखली आहे, ती पडद्यावरील प्रमाण मराठीला साधलेली नाही. ‘टाकून घेतले’ आणि ‘टाकून दिले’ ही दोन रूपे पाहावीत. पहिल्यात ज्याचा मोबाइल आहे तो कर्ता आहे आणि क्रियेचे फळ त्याच्याकडे येते. दुसऱ्यात पुतण्या, दुकानदार किंवा शेजारचा विद्यार्थी कर्ता आहे आणि फळ दुसऱ्याकडे जाते. ‘देणे’ आणि ‘घेणे’ या साहाय्यक क्रियापदांचे हे सामर्थ्य मराठी दस्तऐवजांना नेमके ठाऊक होते. खरेदीखताच्या शिरोभागी ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’ असे दोन पक्ष असतात, आणि संपूर्ण दस्त या दोन क्रियापदांच्या आधाराने उभा राहतो. कोणी काय दिले व कोणी काय घेतले, याविषयी खेडुताच्या मनात शंका उरत नाही, मग दस्ताची उर्वरित भाषा कितीही जडजंबाल असो.

याउलट पडद्यावरील मराठी पाहावी. ॲप एखाद्या गोष्टीची मागणी करते तेव्हा ‘अनुमती द्या’ अशी अक्षरे असलेली कळ समोर येते. मूळ इंग्रजी कळेवरील शब्द आज्ञार्थी आहे; परंतु इंग्रजी आज्ञार्थाला आदर-अनादराचा भेद नसल्यामुळे तो शब्द मोबाइलच्या मालकाने यंत्राला उद्देशून उच्चारलेला आहे असे सहज मानता येते. मालक म्हणतो, यंत्र ऐकते. मराठीत आज्ञार्थाला हे तटस्थपण नाही. ‘दे’ आणि ‘द्या’ यांतून एकाची निवड करावीच लागते, आणि ती करताच बोलणारा व ऐकणारा यांचे नाते ठरून जाते. आपल्या मोबाइलला ‘द्या’ म्हणणारा मराठी माणूस सापडावयाचा नाही. तेव्हा ‘अनुमती द्या’ हे यंत्राने माणसाला उद्देशून काढलेले उद्गार ठरतात. जी कळ मालकाच्या मुखातील शब्द व्हावयाची, ती मालकाला केलेली सूचना होऊन बसते. ‘अर्ज करा’, ‘रांगेत उभे राहा’, ‘येथे सही करा’ या कचेरीतल्या वाक्यांच्या पंक्तीतच हे वाक्य जाऊन बसते. आणि कचेरीतल्या वाक्याला मान देणे हीच आजवरची शिकवण असल्यामुळे कळ दाबली जाते. येथे संमती घडत नाही, आज्ञापालन घडते.

हा तर्क कोणास अतिसूक्ष्म वाटेल, तर त्याने ‘सक्तीने थांबा’ ही कळ पाहावी. बिघडलेले ॲप मालकाने बळाने बंद पाडावे, यासाठी ती आहे. यंत्राला उद्देशून म्हणावयाचे तर ‘थांब’ म्हटले पाहिजे. यंत्र माणसाला सांगत असेल तर ‘थांबवा’ म्हटले पाहिजे. ‘थांबा’ या अकर्मक रूपाने दोन्ही अर्थ हुकतात आणि वाचणाऱ्यालाच सक्तीने थांबण्याचा हुकूम मिळतो. एक ‘व’ गळाल्याने कर्ताच पालटला. अशा कळेकडे पाहून जुन्या पिढीतला शेतकरी मोबाइल खाली ठेवतो, तर त्याने वाक्याचा शब्दशः बरोबर अर्थ लावला असे म्हणावे लागेल.

‘अनुमती’ या शब्दाविषयीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. ‘परवानगी’ हा फार्सी परंपरेतून आलेला शब्द राज्यव्यवहारकोशाच्या खटाटोपातूनही तगला, कारण त्याच्यामागे परवाना होता. परवानगी मागावी लागते, नाकारता येते, काढूनही घेता येते, हे सर्व त्या शब्दात मुरलेले आहे. ‘अनुमती’त मान तुकविण्याचा भाव अधिक आहे. ज्या मोबाइलवर एकीकडे ‘परवानग्या’ आणि दुसरीकडे ‘अनुमती’ असे दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वावरतात, तेथे कळेवर दुबळा शब्द यावा आणि यादीच्या मथळ्यावर सबळ शब्द राहावा, हा उलटा न्याय झाला.

कर्त्याचा घोळ जेथे सर्वाधिक महाग पडतो ते स्थळ म्हणजे ‘अज्ञात स्रोत’. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांत दुकानाबाहेरची सर्व ॲपे बसू देण्याची एकच कळ होती. २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ही मोकळीक प्रत्येक मार्गाला वेगळी द्यावी लागते. व्हॉट्सॲपला वेगळी, ब्राउझरला वेगळी. तांत्रिक दृष्ट्या ही सुधारणा मोठी होती. परंतु स्रोत कोणाला अज्ञात, हे तिने सांगितले नाही. यंत्राच्या लेखी स्रोत म्हणजे ज्याने गाठोडे बांधले तो. वाचणाऱ्याच्या लेखी स्रोत म्हणजे ज्याने गाठोडे पाठविले तो. भावकीच्या गटात चुलतभावाने पाठविलेली फाइल ‘अज्ञात’ कशी? इशारा वाचणाऱ्याला खोटा वाटतो. आणि इशारा एकदा खोटा वाटला की पुढला कोणी वाचीत नाही. गेल्या काही वर्षांत ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलन’ अशा नावांच्या बनावट एपीके फाइली देशभर याच वाटेने पसरल्या. अनेकदा पाठविणाराही लबाड नव्हता. त्याचाच मोबाइल आधी परस्वाधीन झालेला होता. पीएम-किसानचे अधिकृत ॲप खरोखरच अस्तित्वात आहे, त्याचे वर्षाचे ६,००० रुपये २,००० च्या तीन हप्त्यांनी खात्यात येतात, आणि हप्ता अडला की शेतकरी उपाय शोधू लागतो. बनावट फाइल नेमकी त्या वेळी पोहोचते.

अशी फाइल बसली की ती परवानगी मागते ती बहुधा संदेश वाचण्याची. बँकेचा एकवेळचा संकेतांक त्यात असतो. ई-पीक पाहणीचे ॲपही परवानगी मागतेच, परंतु कॅमेऱ्याची आणि ठिकाणाची. पिकाचे छायाचित्र आणि शेताची जागा यांवाचून पाहणी होणार कशी? दोन मागण्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण पडद्यावर दोहोंना चौकट एकच, कळ एकच, शब्दही तेच. सरकारने एका कळेवर ‘द्या’ म्हणण्याची सवय लाविली आणि चोराला ती सवय आयती सापडली.

ॲप काढून टाकण्याच्या बाबतीत मात्र बोली निर्दोष नाही. ‘उडवले’ किंवा ‘डिलीट मारले’ हा शब्द संदेश, फाइल आणि ॲप या तिन्ही गोष्टींना सरसकट लावला जातो. गटातला संदेश उडविला तरी उतरलेली फाइल साठ्यात पडून राहू शकते. फाइल उडविली तरी बसलेले ॲप हलत नाही. आणि आपले चिन्हच लपविणारे ॲप तर सेटिंगमधील यादीत जाऊन शोधावे लागते. खेड्यात ‘ते मी कधीच उडवले’ असे खात्रीने सांगणाऱ्याचे खाते नंतर रिकामे होणे यात विसंगती काहीच नाही. येथे प्रमाण भाषेने बोलीला मदत करावयास हवी होती. ‘फाइल पुसा’ आणि ‘ॲप काढा’ एवढा भेद केला असता तरी पुष्कळ काम झाले असते. त्याऐवजी ‘अनइंस्टॉल करा’ हे जसेच्या तसे उचललेले क्रियापद देऊन भाषांतरकार मोकळे झाले.

कायद्याची कसोटी लावली तर प्रश्नाचे गांभीर्य वाढते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील तेराव्या कलमानुसार दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीस एकाच अर्थाने मान्यता दिली तर ती संमती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने संमती मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असावी, तिची मागणी स्पष्ट व साध्या भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत अथवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे म्हटले आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीविषयक तरतुदी १८ महिन्यांच्या मुदतीनंतर अमलात यावयाच्या आहेत. मराठी उपलब्ध करून दिली म्हणजे अट पुरी झाली, असे मानण्याकडे कंपन्यांचा आणि खात्यांचाही कल राहील. परंतु ज्या मराठीत देणारा कोण आणि मागणारा कोण हे उलगडत नाही, ती मराठी ‘एकाच अर्थाने’ या दोन शब्दांपुढे टिकेल काय, हा प्रश्न वकिलांइतकाच भाषेच्या अभ्यासकांचाही आहे. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलेली, ॲप बनविणाऱ्याची ओळख तपासण्याची योजना पुढे सर्वत्र लागू झाली, तर यंत्रापुरता स्रोत ज्ञात होईल. वाचणाऱ्याला तो कोणत्या शब्दांत कळविला जाणार, हे त्याने ठरत नाही.

उपाय अवघड नाही. कळ मालकाच्या मुखात द्यावी. त्यावर पहिला आक्षेप लिंगभेदाचा येतो : ‘मी परवानगी देतो’ लिहिले तर स्त्री-खातेदाराने काय करावे? परंतु मराठीला येथे अडण्याचे कारण नाही. ‘परवानगी आहे’ आणि ‘परवानगी नाही’ ही दोन वाक्ये कोणत्याही लिंगाच्या मुखात शोभतात, कळेवर मावतात, आणि ती प्रथमपुरुषाचीच आहेत हे कोणालाही कळते. ई-पीक पाहणीच्या ‘माझी शेती, माझा सातबारा’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या घोषवाक्याने हाच पुरुष निवडला होता. भिंतीवर ‘माझा’ आणि पडद्यावर ‘द्या’ हे काही ठीक दिसत नाही.

मात्र प्रथमपुरुष कळेवर आला तरी ती दाबणारा अंगठा कोणाचा, हे उरतेच. ई-पीक पाहणीत एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ज्याच्याजवळ साजेसा मोबाइल नाही त्याचे काम दुसऱ्याने करून देणे व्यवस्थेने गृहीत धरलेले आहे, आणि ते योग्यही आहे. जुन्या दस्तात अशा वेळी अंगठ्याच्या निशाणीशेजारी ज्याने नाव लिहिले त्याचा ‘दस्तुर’ नोंदविला जाई, आणि खाली साक्षीदार असत. लिहून देणारा एक, लिहिणारा दुसरा, हे कागद लपवीत नसे. ‘टाकून दिले’ या बोलीतील क्रियापदात तो दुसरा माणूस अजून जागा आहे. परवानगीच्या चौकटीत त्याच्यासाठी रकाना नाही.