बार्बेक्यू-रसिकांची दृष्टी आणि रिॲलिटी पाकस्पर्धा : एक चिकित्सा

प्रास्ताविक :

दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धा हा एकविसाव्या शतकातील लोकप्रिय करमणुकीचा एक प्रमुख प्रकार होय. पाककलेच्या प्रत्येक शाखेतील जाणकार या कार्यक्रमांकडे कौतुक आणि संशय अशा संमिश्र भावनेने पाहतात. अमेरिकेतील बार्बेक्यू-रसिकांमध्ये हा संशय विशेष तीव्र असल्याचे दिसून येते. प्रस्तुत लेखात या रसिकांच्या आक्षेपांचे स्वरूप तपासून त्यांतील तथ्य आणि मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बार्बेक्यू : संज्ञा आणि प्रक्रिया

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरील टाइनो या मूळ रहिवाशांच्या भाषेतून 'बार्बाकोआ' या स्पॅनिश रूपाने इंग्रजीत आला, असे सामान्यतः मानले जाते. निखाऱ्यावर मांस झटपट भाजणे म्हणजे बार्बेक्यू नव्हे, यावर रसिकांचा कटाक्ष असतो. त्या क्रियेला ते 'ग्रिलिंग' म्हणतात. बार्बेक्यू म्हणजे लाकडाच्या धुरात, साधारण १०५ ते १३५ अंश सेल्सिअस इतक्या मंद उष्णतेवर, कित्येक तास मांस शिजविणे. गोवंशाच्या छातीचा 'ब्रिस्केट' हा भाग मुळात चिवट असतो. त्यातील कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन होण्यास बारा-बारा तास लागतात. मध्येच मांसाचे आतील तापमान पासष्ट ते पंचाहत्तर अंशांच्या दरम्यान थबकते आणि काही तास पुढे सरकत नाही. पृष्ठभागावरील ओलाव्याचे बाष्पीभवन मांसाला थंड ठेवते, हे त्यामागील कारण होय. 'स्टॉल' या नावाने ओळखली जाणारी ही अवस्था म्हणजे पिटमास्टरच्या संयमाची खरी कसोटी असते.

आक्षेपांचे स्वरूप

रसिकांचा पहिला आक्षेप काळासंबंधी आहे. 'चॉप्ड' या कार्यक्रमात पहिल्या फेरीला वीस आणि पुढील दोन फेऱ्यांना प्रत्येकी तीस मिनिटे मिळतात. याच कार्यक्रमाची 'ग्रिल मास्टर्स' ही विशेष मालिका २०१२ मध्ये प्रसारित झाली. अर्ध्या तासात ग्रिलिंग होऊ शकते, परंतु ब्रिस्केटवर धुराचा रंगही नीट चढत नाही. अशा स्पर्धेत कौशल्य दिसते ते हातघाईचे. थांबण्याच्या कौशल्याला तेथे वावच नसतो. जेथे दीर्घ अवधी दिला जातो, तेथेही संकलनाची कात्री नेमकी 'स्टॉल'च्या तासांवर चालते. कारण त्या वेळी पडद्यावर दाखवावे असे काहीच घडत नसते, आणि मांसात मात्र सर्व काही घडत असते.

दुसरा आक्षेप परीक्षणासंबंधी आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीने मैदानी स्पर्धांसाठी काटेकोर नियम घडविले. कोंबडी, डुकराच्या बरगड्या, डुकराचे मांस आणि ब्रिस्केट हे तेथील चार मुख्य प्रकार होत. प्रत्येक पदार्थ क्रमांक घातलेल्या डब्यातून परीक्षकांच्या टेबलावर येतो. एका टेबलावरील सहा परीक्षक रूप, चव आणि मऊपणा या निकषांवर गुण देतात. चवीला सर्वाधिक महत्त्व असते आणि सर्वांत कमी गुण गणनेतून वगळले जातात. पदार्थ कोणाचा, हे परीक्षकाला कळत नाही. दूरचित्रवाणीवर मात्र स्पर्धक स्वतः पदार्थ घेऊन परीक्षकांसमोर उभा राहतो, आपली कथा सांगतो, प्रसंगी डोळे पुसतो. थोडक्यात, मैदानावरील परीक्षकाला चव मिळते पण चेहरा दिसत नाही. पडद्यासमोरील प्रेक्षकाला चेहरा दिसतो पण चव मिळत नाही. रसिकांच्या बहुतेक तक्रारी या एका विपर्यासातून उद्भवलेल्या आहेत.

'बीबीक्यू पिटमास्टर्स' : एक उदाहरण

डिसेंबर २००९ मध्ये टीएलसी वाहिनीवर सुरू झालेल्या 'बीबीक्यू पिटमास्टर्स' या मालिकेचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक ठरतो. पहिल्या पर्वाचे स्वरूप माहितीपटासारखे होते. प्रत्यक्ष मैदानी स्पर्धांत उतरणाऱ्या संघांचा माग कॅमेरा घेत असे. रात्रीचे जागरण, बिघडलेली भट्टी, डबा वेळेत पोहोचविण्याची धावपळ यांना तेथे स्थान होते. २०१० च्या दुसऱ्या पर्वात मालिकेने स्वतःची स्पर्धा उभी केली. परीक्षकांत मायरन मिक्सन या नामवंत स्पर्धकाच्या जोडीला शेफ आर्ट स्मिथ आणि माजी फुटबॉलपटू वॉरन सॅप होते. पहिल्या पर्वात स्पर्धा आधी होती आणि कॅमेरा तिच्यामागे गेला. दुसऱ्यात कॅमेरा आधी आला आणि त्याच्यासाठी स्पर्धा रचली गेली. रसिकांना पहिले पर्व अधिक जवळचे का वाटावे, याचे उत्तर या क्रमबदलात सापडते.

आक्षेपांची मर्यादा

तथापि, रसिकांची भूमिका सर्वस्वी निर्दोष मानता येत नाही. मैदानी स्पर्धेतील परीक्षक एकेका पदार्थाचा घास-दोन घासच खातो. त्या घासात छाप पाडण्यासाठी मांसात मसालेदार द्रव सुईने भरणे, वर गोड सॉसचा तकाकता थर देणे, कोंबडीचे तुकडे एकसारखे कातरणे या युक्त्या रूढ झाल्या. असा घास गुण मिळवून देतो, परंतु पोटभर जेवताना नकोसा होतो. मांसात धुराच्या बाजूने उमटणारी गुलाबी कडा रासायनिक क्षारांनी कृत्रिमरीत्या आणता येते, म्हणून परीक्षकांनी ती विचारात घेऊ नये अशी शिकवण सोसायटीला द्यावी लागली. म्हणजेच देखाव्याचा शिरकाव कॅमेऱ्यापूर्वीच झालेला होता. याउलट, १९७८ पासून चालत आलेल्या मेम्फिस येथील स्पर्धेत अनामिक परीक्षणाबरोबरच परीक्षक स्वतः संघाच्या तंबूत जातात आणि पिटमास्टर त्यांना आपल्या पदार्थाची हकिगत ऐकवितो. तेव्हा चेहरा आणि कथा या गोष्टी दूरचित्रवाणीनेच आणल्या, हे म्हणणे टिकत नाही.

इतिहासाचा प्रश्न

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा इतिहासाचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीच्या काळात खड्डे खणणे, लाकडे जाळणे, रात्रभर अखंड डुकरावर लक्ष ठेवणे ही कष्टाची कामे मुख्यतः कृष्णवर्णीय गुलामांवर सोपविली जात. या कलेच्या घडणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे. परंतु व्यावसायिक प्रसिद्धी आणि स्पर्धांतील मानसन्मान दीर्घकाळ बहुतांशी गोऱ्या पुरुषांकडे गेले. एड्रियन मिलर यांनी 'ब्लॅक स्मोक' (२०२१) या ग्रंथात या विस्मरणाची सविस्तर चर्चा केली आहे. क्रमांकाचा डबा पक्षपात टाळतो हे खरे, पण तो हे विस्मरण दूर करू शकत नाही. डब्याला वंशपरंपरा नसते.

या ठिकाणी दूरचित्रवाणीचा चेहरा उपकारक ठरतो. सप्टेंबर २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या 'अमेरिकन बार्बेक्यू शोडाउन'मध्ये केव्हिन ब्लडसो हे कृष्णवर्णीय पिटमास्टर आणि मेलिसा कुकस्टन ही मेम्फिसची विजेती स्त्री परीक्षकपदी होती. त्याच महिन्यातील 'शेफ्स टेबल : बीबीक्यू' या स्पर्धाविरहित मालिकेने साउथ कॅरोलिनातील रॉडनी स्कॉट आणि टेक्सासमधील वयोवृद्ध टूट्सी टोमानेट्झ यांच्या श्रमांना निवांत अवकाश दिला. घाई हा माध्यमाचा अटळ धर्म नसून स्पर्धेच्या साच्याचा दोष आहे, हे या दुसऱ्या मालिकेने दाखवून दिले.

समारोप

बार्बेक्यू-रसिकांचे आक्षेप चवीच्या आणि काळाच्या बाबतीत ग्राह्य ठरतात. प्रतीक्षा हेच ज्या कलेचे मर्म, तिला घड्याळाच्या काट्यावर धावावयास लावले की तिचे नाव तेवढे उरते. मात्र चेहरा आणि कथा यांना सरसकट नाकारताना रसिक एका अन्यायाकडे पाठ फिरवितात. गुण देताना चेहरा झाकलेला असावा. श्रेय देताना तो उघडा असावा. या दोन्ही गोष्टींचा मेळ घालणारी स्पर्धा पडद्यावर वा मैदानावर उभी राहिली, तर रसिकांच्या तक्रारीचे सार्थक होईल. तोपर्यंत 'स्टॉल'च्या तासांत भट्टीपाशी जागणारा माणूस कोण, हा प्रश्न मैदानाने आणि दूरचित्रवाणीने, दोघांनीही स्वतःला विचारीत राहणे आवश्यक आहे.