उसना स्वर, स्वतःचे गाणे : डस्टी स्प्रिंगफील्डच्या सोल गायकीचा विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ब्रिटिश लोकप्रिय संगीताचा अभ्यास करताना एक प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने घडविलेले संगीत इंग्लंडमधील गोऱ्या गायक-गायिकांनी आपलेसे केले आणि त्यावर कीर्ती व पैसा मिळविला. या व्यवहारास अनुकरण म्हणावे, अपहार म्हणावे की वारसा म्हणावे? सोल संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यांच्या संयोगातून १९५० च्या दशकात हे संगीत आकाराला आले. रे चार्ल्स, सॅम कुक, अ‍ॅरिथा फ्रँकलिन यांच्या गाण्यामागे प्रार्थनेची परंपरा होती, तसाच गुलामगिरीनंतरच्या दीर्घ अवहेलनेचा अनुभवही होता. हा अनुभव वाट्याला न आलेल्या कलावंताने ते संगीत गावे, तर कोणत्या अधिकाराने?

डस्टी स्प्रिंगफील्ड (१९३९–१९९९) या ब्रिटिश गायिकेची कारकीर्द या प्रश्नाच्या संदर्भात विशेष अभ्यसनीय ठरते. ‘काळ्या गळ्याची गोरी गायिका’ अशा आशयाची प्रशंसा तिच्या वाट्याला पुष्कळ आली. परंतु ही प्रशंसा तिच्या कलेचे नेमके मर्म सांगत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, डस्टीचे वेगळेपण दोन गोष्टींत आहे. आपला स्वर कोणाकडून आला, हे तिने कधी लपविले नाही. आणि तो स्वर जसाच्या तसा गळ्यात उतरविण्याचा हव्यास तिने कालांतराने सोडून दिला.

आवाजाची जडणघडण

डस्टीचे मूळ नाव मेरी ओब्रायन. आयरिश वंशाच्या कॅथलिक कुटुंबात १६ एप्रिल १९३९ रोजी लंडनमध्ये तिचा जन्म झाला. १९५८ पासून ‘लाना सिस्टर्स’ या त्रयीत आणि १९६० पासून भाऊ टॉम याच्यासमवेत ‘स्प्रिंगफील्ड्स’ या गटात ती गात होती. या गटाचे संगीत लोकगीतांच्या वळणाचे होते. ‘सिल्व्हर थ्रेड्स अँड गोल्डन नीडल्स’ या त्यांच्या गीताने १९६२ मध्ये अमेरिकेतील पहिल्या वीस गीतांत स्थान मिळविले.

ध्वनिमुद्रणासाठी नॅशव्हिलला जात असताना न्यूयॉर्कमध्ये ‘एक्सायटर्स’ या गटाचे ‘टेल हिम’ हे गीत तिच्या कानी पडले आणि तिच्या संगीताची दिशाच बदलली. १९६३ मध्ये गट विसर्जित झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘आय ओन्ली वाँट टु बी विथ यू’ ही तिची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका आली. १ जानेवारी १९६४ रोजी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाचा पहिला भाग प्रसारित झाला, त्यात तिने हे गीत सादर केले.

‘अ गर्ल कॉल्ड डस्टी’ (१९६४) हा तिचा पहिला संग्रह म्हणजे एका शिकाऊ गायिकेची वहीच आहे. शिरेल्स, सुप्रीम्स, रे चार्ल्स, डिऑन वॉर्विक यांनी गायिलेली गीते तिने येथे गायिली आहेत. ‘मॉकिंगबर्ड’ हे मुळात स्त्री-पुरुषांचे युगुलगीत. त्यातील दोन्ही बाजू तिने स्वतःच गायिल्या आहेत. उत्साह आणि तयारी या दोन्ही गोष्टी या संग्रहात जाणवतात. मात्र मूळ गायकांच्या लकबी टिपण्याकडे असलेला ओढाही तितकाच जाणवतो. येथे स्वर उसना आहे आणि तो तसा ओळखूही येतो.

ऋणाची कबुली

त्या काळच्या ब्रिटिश व्यवसायाची रीत ध्यानात घेतल्याशिवाय डस्टीच्या पुढील वर्तनाचे महत्त्व कळणार नाही. अमेरिकेत एखादे गीत गाजू लागले की इंग्लंडमध्ये त्याची स्थानिक आवृत्ती तातडीने काढली जाई. डिऑन वॉर्विकचे ‘एनीवन हू हॅड अ हार्ट’ हे गीत सिला ब्लॅकने गायिले आणि १९६४ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. वॉर्विकच्या मूळ ध्वनिमुद्रिकेला तेथे फारसा वाव उरला नाही. डस्टीही या व्यवहाराबाहेर नव्हती. वॉर्विकने आधी गायिलेले ‘विशिन अँड होपिन’ १९६४ मध्ये डस्टीच्या आवाजात अमेरिकेतच पहिल्या दहांत पोहोचले. तिच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही बाब नजरेआड करणे योग्य होणार नाही.

परंतु मिळालेल्या स्थानाचा तिने काय उपयोग केला, हेही पाहावे लागते. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे मोटाउन कंपनीच्या कलावंतांबरोबर एकाच रंगमंचावर गाण्याची संधी तिला मिळाली. मार्था रीव्ह्ज हिच्याशी तिची मैत्री जुळली. पुढील वर्षी, एप्रिल १९६५ मध्ये, ‘रेडी स्टेडी गो!’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा ‘द साउंड ऑफ मोटाउन’ हा विशेष भाग प्रसारित झाला. त्याचे सूत्रसंचालन डस्टीने केले. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, मिरॅकल्स, स्टीव्ही वंडर, मार्था अँड द व्हॅन्डेलाज हे कलावंत त्यानिमित्ताने ब्रिटिश घराघरांत पोहोचले. ज्यांची गाणी ऐकून आपण शिकलो, त्यांना आपल्याच श्रोत्यांसमोर आणणे, ही व्यावसायिक हिशेबात न बसणारी कृती होय. श्रोत्याला मूळ स्वर ऐकविला की तुलना होणार, हे तिला कळत नव्हते असे मानता येत नाही. तिने ती तुलना स्वीकारली.

या दोन घटनांच्या मधला दक्षिण आफ्रिकेचा प्रसंग याच भूमिकेशी जोडून पाहावा लागतो. डिसेंबर १९६४ मधील या दौऱ्याच्या करारात, वर्णानुसार विभागलेल्या श्रोत्यांसमोर आपण गाणार नाही, अशी अट तिने घातली होती. केप टाउनजवळ मिश्र श्रोत्यांसमोर कार्यक्रम झाल्यानंतर तेथील सरकारने तिला देश सोडण्यास भाग पाडले. राजकीय सिद्धान्ताची भाषा तिने फारशी वापरली नाही. तथापि ज्यांच्या संगीतावर आपण उभे आहोत त्यांच्या वर्णाच्या माणसांना सभागृहाबाहेर ठेवून ते संगीत गाणे, यातील विसंगती तिला असह्य वाटली असावी. ऋणाची कबुली येथे शब्दांत राहिली नाही. तिची किंमत मोजली गेली.

गायकीचे स्वरूप

डस्टीचा आवाज काहीसा घोगरा, धुरकट होता. वरच्या स्वरांत तो ताणला गेला की त्यात एक चीर पडल्यासारखी वाटे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती अत्यंत काटेकोर असे. ‘यू डोन्ट हॅव टु से यू लव्ह मी’ (१९६६) हे मूळ इटालियन चालीवरील गीत गाताना स्टुडिओतील ध्वनी तिला पसंत पडेना. अखेरीस इमारतीच्या जिन्यात उभे राहून तिने ते गायिले. हे गीत ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. या काळातील ध्वनिमुद्रणांत निर्मात्याचे बरेचसे काम तीच करीत असे. पण मुखपृष्ठावर ते श्रेय तिला मिळाले नाही. स्त्री गायिकेने वादकांना सूचना द्याव्यात, हे तत्कालीन व्यवसायाला रुचणारे नव्हते आणि तिच्या वाट्याला ‘हट्टी’ हे विशेषण तेवढे आले.

याच गीताच्या शेजारी ‘द लुक ऑफ लव्ह’ (१९६७) ठेवले असता तिच्या गायकीतील स्थित्यंतर स्पष्ट होते. पहिल्या गीतात मोठ्या वाद्यवृंदावर मात करणारा, क्रमाने चढत जाणारा स्वर आहे; दुसऱ्यात ती जवळजवळ कुजबुजते. शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवायचा, ओळीचा शेवट पूर्ण न उच्चारता श्वासात विरू द्यायचा, ही तिची रीत येथे सिद्ध झाली. सोल गायनातील आवेग तिने बाहेरून आत वळविला.

मेंफिस : कसोटी

या रीतीची खरी कसोटी ‘डस्टी इन मेंफिस’ या संग्रहात लागली. अ‍ॅटलांटिक कंपनीच्या जेरी वेक्सलर, टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन या निर्मात्यांसमवेत सप्टेंबर १९६८ मध्ये ती मेंफिस येथील अमेरिकन साउंड स्टुडिओत गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांची याच शहरात हत्या झाली त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. या स्टुडिओतील मुख्य वादक दक्षिणेकडील गोरे तरुण होते, तर साथीला ‘स्वीट इन्स्पिरेशन्स’ हा कृष्णवर्णीय गायिकांचा गट होता. सोल हे एका वर्णाचे संगीत की एका प्रदेशाच्या दीर्घ सहवासातून निपजलेले संगीत, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, हे एवढ्यावरूनही दिसते.

ज्या वातावरणात आपले आदर्श घडले तेथे उभे राहिल्यावर डस्टीचा धीर सुटला. सुचविलेल्या गीतांपैकी बहुतेक तिने नाकारली आणि तिच्या गायनाचे अंतिम ध्वनिमुद्रण पुढे न्यूयॉर्कमध्ये करावे लागले. ही घटना बहुधा तिच्या लहरीपणाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः तिच्या सांगीतिक विवेकाचा तो पुरावा मानता येईल. ज्याला ऋणाची जाणीवच नाही, त्याला अशा जागी भीती वाटत नाही.

या संग्रहातील ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ हे गीत सर्वपरिचित आहे. पुढे अ‍ॅरिथा फ्रँकलिननेही ते गायिले. अ‍ॅरिथा स्वतः डेट्रॉइटमधील एका धर्मोपदेशकाची कन्या. तिच्या गायनात चर्चचा पियानो, सामूहिक प्रतिसाद आणि मुक्त आवेग आहे. ती त्या घरातलीच आहे. डस्टी त्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून गाते. पहिली कडवी ती संयमाने, आठवण सांगावी तशी गाते. साथीच्या गायिका प्रतिसाद देतात आणि शेवटाकडेच तिचा स्वर सैल होतो. दोन्ही गायनांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविणे निरर्थक आहे. महत्त्वाचे हे की, डस्टीने अ‍ॅरिथा होण्याचा प्रयत्न केला नाही. उंबरठ्यावरचे आपले स्थान तिने ओळखले आणि तेथूनच जे दिसते ते गायिले. उसना स्वर येथे स्वतःचा झाला आहे.

उपेक्षा आणि पुनर्मूल्यांकन

‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या दहांत गेले. पण १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला संग्रह अमेरिकेत ९९ व्या क्रमांकापलीकडे सरकला नाही आणि ब्रिटनमध्ये यादीतही आला नाही. पुढील संग्रह तिने फिलाडेल्फियात केनेथ गॅम्बल व लिऑन हफ यांच्याबरोबर केला. १९७० मध्ये लंडनमधील एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत, आपल्याला स्त्रियांविषयीही आकर्षण वाटू शकते, असे तिने सूचित केले. त्या काळी असे बोलणे धाडसाचे होते. सत्तरच्या दशकात ती अमेरिकेत राहिली. व्यसने आणि मानसिक अस्वास्थ्य यांनी तिला ग्रासले.

१९८७ मध्ये ‘पेट शॉप बॉइज’ यांच्यासमवेत गायिलेले ‘व्हॉट हॅव आय डन टु डिझर्व्ह धिस?’ दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर गेले. यंत्रनिर्मित तालावर तिचा श्वासमय स्वर उठून दिसला. १९९४ मध्ये ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटामुळे ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ नव्या पिढीपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी तिला स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. २ मार्च १९९९ रोजी तिचे निधन झाले आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला. अपयशी ठरलेला मेंफिसचा संग्रह २०२० मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत समाविष्ट केला. अमेरिकेकडून घेतलेले गाणे अमेरिकेने आपला ठेवा म्हणून स्वीकारले, हा या कारकिर्दीचा अर्थपूर्ण शेवट होय.

समारोप

एमी वाइनहाउसचा ‘बॅक टु ब्लॅक’ (२००६) हा संग्रह बव्हंशी ब्रुकलिनच्या ‘डॅप-किंग्ज’ या वाद्यवृंदाच्या साथीने सिद्ध झाला. अ‍ॅडेल आणि डफी यांचे पहिले संग्रह २००८ मध्ये आले. ब्रिटिश सोल गायिकांची ही परंपरा चालू आहे आणि प्रारंभीचा प्रश्नही तिच्याबरोबर चालत आला आहे. डस्टीच्या कारकिर्दीतून त्याचे अंतिम उत्तर मिळत नाही. व्यवसायातील विषमतेचा लाभ तिलाही मिळाला होता. मात्र उत्तर शोधण्याची एक कसोटी त्यातून निश्चित मिळते. कलावंताने दुसऱ्या समाजाचा स्वर घेतला की नाही, यापेक्षा घेतल्यावर त्याने त्या समाजाशी कोणते नाते ठेवले, हे विचारणे अधिक फलदायी आहे. संगीतात उसने घेणे अटळ असते. डस्टीने ते मान्य केले, धन्यांची नावे सांगितली आणि त्यांच्यासाठी एका राजवटीचा रोष पत्करला. तिच्या स्वरातला संयम हा या नैतिक भानाचाच सांगीतिक आविष्कार होता, असे म्हणता येते.