विज्ञानसंवाद आणि प्रश्नकर्ता

विज्ञानातील संशोधन ज्या निबंधांतून प्रसिद्ध होते, ते निबंध मुळातच मोजक्या तज्ज्ञांसाठी लिहिलेले असतात; त्यांची परिभाषा, त्यांतील संक्षेप आणि त्यांनी गृहीत धरलेले पूर्वज्ञान ही त्या व्यवहाराची अपरिहार्य अंगे असल्यामुळे त्यांविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. परंतु ज्या समाजाच्या करातून प्रयोगशाळा चालतात, आणि ज्याच्या आरोग्याचे, शेतीचे व पाण्याचे निर्णय त्या संशोधनाच्या हवाल्याने घेतले जातात, त्या समाजाला ते कळावे कसे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. तज्ज्ञाला समोर बसवून, जाणत्या प्रश्नांच्या साहाय्याने त्याच्याकडून त्याचे संशोधन उलगडून घेणे हा त्यावरचा एक उपाय असून नभोवाणी, दूरचित्रवाणी आणि अलीकडे पॉडकास्ट यांच्या आश्रयाने तो सर्वत्र फैलावला आहे. ही एक स्वतंत्र कला आहे आणि तिचे यशापयश तज्ज्ञापेक्षा प्रश्नकर्त्यावर अधिक अवलंबून असते, असे माझे मत आहे. त्याच कसोटीवर तिची सद्यःस्थिती येथे तपासावयाची आहे.

या कलेची परंपरा जुनी आहे. गॅलिलिओने १६३२ साली विश्वरचनेविषयीचा आपला ग्रंथ विद्वानांच्या लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत, आणि तोही चार दिवसांच्या संभाषणाच्या रूपाने लिहिला, तेव्हा कोपर्निकसचा पक्ष मांडणारा साल्व्हियाती आणि अ‍ॅरिस्टॉटलचा अभिमानी सिम्प्लिचिओ यांच्याबरोबर त्याने साग्रेदो नावाचा तिसरा गृहस्थ बसवला. हा साग्रेदो तज्ज्ञ नव्हे; पण तो बुद्धिमान, बहुश्रुत आणि पटेल तेच मान्य करणारा आहे. ग्रंथावर पुढच्याच वर्षी बंदी आली, तरी आजच्या मुलाखतकाराचा मूळपुरुष म्हणून साग्रेदोकडेच बोट दाखवावे लागेल. पुढे १८०६ साली जेन मार्सेट या लेखिकेने एक शिक्षिका व तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्या संभाषणांतून रसायनशास्त्र समजावून सांगितले. लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेच्या हाती ते पुस्तक पडले, आणि त्याचे ऋण त्या थोर शास्त्रज्ञाने पुढे मोकळेपणाने मान्य केले. आपल्याकडे न्यायशास्त्राने प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून प्रामाणिकपणे मांडण्याचा दंडक घातला, आणि ‘दासबोधा’त श्रोत्याच्या आशंकेला मानाचे स्थान मिळाले. मात्र तेथे वक्ता आशंकेचे निरसन करतो, तर विज्ञानाच्या संवादात कित्येकदा आशंका शिल्लक ठेवूनच उठावे लागते. ती शिल्लक का राहिली याचा खुलासा हाच त्या संवादाचा सर्वांत मोलाचा भाग असतो.

आधुनिक काळात इंग्लंडातील रॉयल सोसायटीने १९८५ साली जनतेच्या विज्ञानविषयक आकलनासंबंधी अहवाल प्रसिद्ध केला, त्याचा भर शास्त्रज्ञांनी लोकांना समजावून सांगावे यावर होता. परंतु जनावरांच्या मेंदूरोगाच्या प्रकरणात सरकार व तज्ज्ञ या दोघांवरचा विश्वास डळमळल्यानंतर, २००० साली तेथील उमरावसभेच्या समितीने लोकांशी संवाद करण्याची स्पष्ट शिफारस केली. दरम्यान १९९८ साली लीड्स शहरात डंकन डॅलस यांनी उपाहारगृहात भरणारी विज्ञानसभा सुरू केली. तिच्यात शास्त्रज्ञाने थोडे बोलावे आणि उरलेला वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांना द्यावा, अशी योजना होती. त्याच वर्षी बीबीसीवर मेल्विन ब्रॅग यांचा ‘इन अवर टाइम’ हा कार्यक्रम सुरू झाला. ब्रॅग हे साहित्याचे माणूस. पण बहुधा तीन अभ्यासकांना एकत्र बसवण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे, एकाच शास्त्रातील जाणकारांचेही कोठे एकमत आहे आणि कोठे नाही, हे श्रोत्याला आपसूक ऐकू येत असे. २०११ पासून चाललेल्या ‘द लाइफ सायंटिफिक’ या कार्यक्रमाचे चालक जिम अल-खलिली हे स्वतः पदार्थवैज्ञानिक असल्याने त्यांच्या प्रश्नांत मर्मज्ञता आहे. तथापि तेथे संशोधनाच्या बरोबरीने संशोधकाचे जीवनचरित्रही सांगावयाचे असल्यामुळे पुराव्याच्या वाट्याला येणारी जागा आक्रसते.

उत्तर देणाऱ्याने संवादाची मर्यादा कशी सांगावी, याचा उत्कृष्ट दाखला रिचर्ड फाइनमन यांच्या १९८३ सालच्या बीबीसीवरील मालिकेत सापडतो. दोन लोहचुंबक एकमेकांना का दूर लोटतात, असे विचारल्यावर त्यांनी तयार उत्तर दिले नाही; कोणत्याही ‘का’ला उत्तर देण्यासाठी ऐकणाऱ्याने काही गोष्टी आधी मान्य केलेल्या असाव्या लागतात, आणि चुंबकाचे बल अधिक परिचित अशा दुसऱ्या कशाच्या तरी रूपात सांगणे ही फसवणूक होईल, हे त्यांनी सविस्तर विशद केले. मुलाखतकाराने प्रश्न सोडून न देता धरून ठेवला, म्हणूनच हे अमोल विवेचन आपल्या हाती आले.

परंतु या कलेची खरी परीक्षा २०२० च्या महामारीत झाली. उत्तर जर्मनीच्या नभोवाणीने २६ फेब्रुवारी २०२० पासून बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील विषाणुतज्ज्ञ क्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्याशी प्रारंभी जवळजवळ रोज संभाषण प्रसारित केले. विज्ञानपत्रकार प्रश्न विचारीत, आणि ड्रोस्टेन नुकतेच हाती आलेले निबंध, त्यांपैकी कोणत्यांचे तज्ज्ञपरीक्षण अद्याप झालेले नाही हे नमूद करून, त्यांच्या पद्धतीसह उलगडून सांगत. शाळा बंद करण्याच्या उपयुक्ततेविषयीचे आपले मत नवा निबंध वाचल्यावर बदलले, हेही त्यांनी श्रोत्यांना उघडपणे सांगितले. मत बदलण्याचे कारण पुराव्यासह समोर आल्यामुळे तो बदल हाच विश्वासाला जामीन ठरला, आणि क्लिष्ट विषयाला सामान्य माणूस कंटाळतो हा संपादकांचा जुना समज लक्षावधी श्रोत्यांनी खोटा पाडला.

आपल्या देशात या परंपरेचे श्रेष्ठ प्रतिनिधी म्हणजे प्रा. यश पाल. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या मालिकेत प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना ते विचारणाऱ्याबरोबर स्वतःही नव्याने विचार करीत. महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवण्यास सांगत आणि त्याला उत्तर देत. पुण्याच्या आयुकात दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणारी व्याख्यानेही याच वृत्तीची. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘चाय अँड व्हाय’ हा उपक्रम चालवून शास्त्रज्ञाला सभागृहाच्या व्यासपीठावरून लोकांच्या बैठकीत आणले. १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक आणि १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी मराठी वाचकाची विज्ञानाची भूक जागती ठेवली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

असे असूनही मराठीत व्याख्यान समृद्ध आणि संवाद दरिद्री राहिला, ही वस्तुस्थिती आहे. आपल्या मुलाखतींचा बराच भाग पाहुण्याचा गौरव, त्याचे बालपण, त्याचे पुरस्कार आणि तरुणांना संदेश यांत खर्ची पडतो. ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ आणि ‘काय आढळले असते तर तुम्ही हे मत सोडले असते?’ हे दोन प्रश्न विचारणे म्हणजे पाहुण्याचा उपमर्द, अशी काहीशी समजूत आपल्याकडे रुजली आहे. तज्ज्ञाचे स्वतःचे मत आणि त्या शास्त्रातील बहुमत यांतील भेदही प्रश्नकर्त्यानेच काढून घ्यावा लागतो. नारळीकरांनी महास्फोटाच्या प्रस्थापित सिद्धान्ताला पर्यायी विश्वरचना आयुष्यभर हिरिरीने मांडली. अशा वेळी बहुसंख्य खगोलवैज्ञानिक कोणत्या बाजूस आहेत, त्यांचा पुरावा कोणता आणि त्यावर या शास्त्रज्ञाचा आक्षेप कोणता, हे क्रमाने विचारणारा असला, तरच श्रोता भक्त किंवा निंदक न बनता जाणकार बनतो. प्रश्नकर्ता हा श्रोत्यांचा वकील आहे, आणि अभ्यास न करता उभा राहिलेला वकील कितीही नम्र असला तरी अशिलाचे नुकसानच करतो.

तूर्त करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. मुलाखतीपूर्वी प्रश्नकर्त्याने त्या शास्त्रज्ञाचा निदान एक मूळ निबंध वाचावा आणि न समजलेल्या जागांची टिपणे घेऊन बसावे. त्याच विषयात वेगळे मत असणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकाशी आधी बोलून पूर्वपक्ष तयार ठेवावा. आणि संभाषणाचा लेखी मजकूर शास्त्रज्ञाकडून तपासून घेऊन प्रसिद्ध करावा, म्हणजे शिक्षकांना तो वर्गात वापरता येईल. यासाठी लागणारा वेळ आणि वेतन देण्याची तजवीज विद्यापीठांनी, नभोवाणी केंद्रांनी आणि नियतकालिकांनी केली पाहिजे, कारण आज हे काम बहुतेक ठिकाणी हौसेवर सोपवलेले आहे. मराठीत बोलू शकणारे शास्त्रज्ञ पुण्यामुंबईच्या प्रयोगशाळांत आहेत, ऐकू इच्छिणारे श्रोते गावोगाव आहेत. उणीव आहे ती त्या दोघांच्या मधे बसणाऱ्या, तयारीने आणि निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या माणसांची, आणि ती घडवणे हे आपल्या विज्ञानसंस्थांनी आपले कर्तव्य मानले पाहिजे.